पोलीस दल आणि समता : आपला हक्क, आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापन दिनी, घाटकोपर येथे झालेल्या धम्मसभेतील भाषण)



तथागत भगवान बुद्ध, बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांना वंदन करून मी माझे चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

समितीने मला सांगितले, "दादा, धम्मावर बोला." मी म्हणालो, धम्मावर भन्तेजी बोलतील, तो त्यांचा अधिकार आहे. मी ३७ वर्षे पोलीस खात्यात काढली. १९८४ साली शिपाई म्हणून भरती झालो आणि २०२१ मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मी वक्ता नाही, विद्वान नाही. मला जे माहीत आहे त्यावरच मी बोलतो. विषय असा आहे की, ज्या खाकी वर्दीला आपली वस्ती घाबरते, त्या वर्दीत समता कशी येईल आणि त्यासाठी आपण काय करायचे?

हा विषय मला सुचला तो आपल्या उपासिका संघातल्या एका आजींमुळे. त्यांचा नातू पोलीस भरतीची तयारी करतो आहे. पहाटे उठून धावतो. मी त्याला मार्गदर्शन करतो म्हणून आजी एक दिवस माझ्याकडे आल्या आणि रागानेच म्हणाल्या, "काय रे बाबा, ज्यांनी आपल्या माणसांवर गोळ्या घातल्या, त्यांच्यातच माझ्या नातवाला धाडतोस होय?"

मी आजींना त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. खरे सांगतो, गप्प बसलो. आज सगळ्यांसमोर ते उत्तर द्यायचा प्रयत्न करतो आहे. आजीही इथे बसल्या आहेत.

बंधू-भगिनींनो, घाटकोपरमध्ये उभे राहून पोलिसांबद्दल बोलायचे तर ११ जुलै १९९७ पासूनच सुरुवात करावी लागते. त्या दिवशी पहाटे माता रमाबाई आंबेडकर नगरातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांनी पाहिला. लोक घराबाहेर आले. कोणाच्या अंगात बनियन, कोणाच्या हातात दुधाची पिशवी. पूर्व द्रुतगती महामार्ग अडवला गेला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि सकाळी साडेसातच्या सुमारास गोळीबार झाला. १० माणसे मारली गेली, २६ जखमी झाली. जखमींना राजावाडी रुग्णालयात नेले. जे आज चाळिशीच्या पुढे आहेत त्यांना तो दिवस सांगावा लागत नाही. पण पुढे बसलेल्या मुलांना सांगावा लागतो, म्हणून सांगतो.

त्यानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, आपले लोकशाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या झोपडीत आपले जीवन संपवले. लोकांसाठी गाणारा गळा गेला. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट तिथपासून सुरू केला आणि तो पुरा व्हायला २०११ साल उजाडले. चौदा वर्षे!

पोलिसांचे म्हणणे होते की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळी चालवावी लागली. सरकारने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. १९९८ मध्ये आयोगाचा अहवाल आला. गोळीबार समर्थनीय नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता. टँकरची गोष्ट आयोगाला पटली नाही. पुढे खटला चालला आणि तुकडीचा प्रमुख फौजदार मनोहर कदम याला ७ मे २००९ रोजी सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. बारा वर्षांनी! आणि थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयात अपील होऊन शिक्षेला स्थगिती मिळाली, जामीनही मिळाला. निकालाच्या दिवशी ज्यांनी डोळे पुसले, त्यांना ते पुन्हा पुसावे लागले.

त्या दिवशी मी कुठे होतो, असे तुम्ही मनात विचारत असाल. मी नोकरीवर होतो, मुंबईतल्याच दुसऱ्या एका भागात, बंदोबस्ताला. बातमी आली तेव्हा भोवती सगळे खाकीवाले. एक जण म्हणाला, "बरं झालं, फार माजले होते." माझी छाती धडधडत होती. तो माझ्या डब्यातली भाकरी खाणारा मित्र होता. मी कोण हे तो त्या क्षणी विसरला होता, की माहीत असून बोलला, हे मला आजतागायत कळलेले नाही. रात्री घरी आलो. आईने दार उघडले, माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि म्हणाली, "वर्दी आतच वाळत घाल. बाहेर दोरीवर नको."

माझ्याच वस्तीत माझी वर्दी लपवायची आणि माझ्याच खात्यात माझी जात लपवायची. समता नसते म्हणजे काय, ते मी पुस्तकात वाचले नाही. त्या महिन्यात रोज अनुभवले.

तरीही मी राजीनामा दिला नाही. का दिला नाही? त्याचे कारण बाबासाहेब आहेत.

पाहा, गावगाड्यात आपल्या वाडवडिलांची कामे काय होती? वेशीवर वेसकर म्हणून राखण करायची. पाटलाबरोबर चोराचा माग काढायचा. सरकारी खजिना तालुक्याला पोचवायचा. मयताची, गुन्ह्याची वर्दी चावडीवर द्यायची. मला सांगा, हे काम पोलिसाचे नाही तर कोणाचे? पोलिसाचे सगळे काम आपल्याकडून करून घेतले, पण पोलिसाचा मान आणि पगार द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, 'तुम्ही अस्पृश्य'. सैन्यातही तेच. पिढ्यान् पिढ्या लढणाऱ्या महारांची भरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. पुढे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

पोलीस खात्याविषयी बाबासाहेबांनी काय मागितले ते फार थोड्यांना माहीत आहे. सायमन कमिशन आले तेव्हा बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने २९ मे १९२८ रोजी त्यांनी एक निवेदन सादर केले. त्यात लष्कर, आरमार आणि पोलीस या तिन्ही ठिकाणी जातीचे बंधन न ठेवता अस्पृश्यांची भरती झाली पाहिजे, अशी मागणी होती. आणि पुढची मागणी नीट ऐका. प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्यांमधूनच एक खास पोलीस इन्स्पेक्टर नेमावा, असे त्यांनी मागितले होते! १९२८ साली! त्याच्या एकच वर्ष आधी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलो म्हणून आपल्या लोकांना काठ्या खाव्या लागल्या होत्या. बाबासाहेबांनी ओळखले होते की कायदा कितीही चांगला असला तरी गावात तो येतो तो पोलिसाच्या रूपाने. तक्रार लिहून घेणारा माणूस तक्रारदाराला माणूस समजत नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

आजी, तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. तुमच्या नातवाला तिथे पाठवायचा विचार माझा नाही. तो बाबासाहेबांचा आहे, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा.

आता कोणी म्हणेल, विहारात पोलिसांच्या गप्पा कशाला? मी म्हणतो, विहारातच व्हायला पाहिजेत. कपिलवस्तूचे शाक्य राजपुत्र अनुरुद्ध, आनंद, भद्दीय प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी भगवंतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या. म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. आणि तोच उपाली पुढे संघात विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्याच्याच तोंडून सांगितला गेला. विनय म्हणजे काय? शिस्तीचे नियम, संघाचा कायदा. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी संघाच्या कायद्याचा राखणदार एक न्हावी होता! समतेसाठी नुसते शेजारी बसवून भागत नाही. जो खाली होता त्याच्या हाती नियम सोपवले जातात, तेव्हा समता झाली असे म्हणायचे.

दुसरे उदाहरण सम्राट अशोकाचे. आपल्या मुंबईजवळ नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ओरिसात धौली आणि जौगड येथे कलिंगच्या लोकांसाठी त्याने जे वेगळे लेख कोरून घेतले, ते प्रत्येक पोलीस ठाण्यात लावण्यासारखे आहेत. त्यात तो आपल्या अधिकाऱ्यांना बजावतो की विनाकारण कोणाला कैद होऊ नये, छळ होऊ नये. मत्सर, राग, निष्ठुरपणा, उतावीळपणा, आळस यांपासून अधिकाऱ्याने दूर राहावे. आणि हे पाळले जाते की नाही, हे पाहायला दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा अधिकारी दौऱ्यावर पाठवला जाईल, असेही लिहितो. ज्या कलिंगवर त्याने तलवार चालवली, त्याच कलिंगच्या लोकांसाठी हे लिहिले. चूक झाली तर राजाने कसे वागावे, ते यात आहे.

बंधू-भगिनींनो, आज कायदा आपल्या बाजूने किती आहे ते पाहू. संविधानाच्या कलम १६(४) मुळे नोकरीत आरक्षण आले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत, त्या पोलीस भरतीतही आहेत. बौद्ध झालेल्या आपल्या लोकांना केंद्राने अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली दिल्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे आपण ज्याला ॲट्रॉसिटी म्हणतो तो, सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कायद्याखाली १९९५ साली जे नियम झाले, त्यातला नियम १३ कोणी वाचला आहे का? हात वर करा. पाहा, एकही नाही. मलाही नोकरीत पंधरा वर्षे होईपर्यंत माहीत नव्हता!

तो नियम सांगतो की अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना प्रशासनात आणि पोलीस दलात सर्व पातळ्यांवर, विशेषतः पोलीस चौकी आणि पोलीस ठाण्याच्या पातळीवर, पुरेसे प्रतिनिधित्व मिळते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये जे मागितले, ते ६७ वर्षांनी नियमात आले. भीक म्हणून नव्हे, सरकारची जबाबदारी म्हणून आले.

पण भरती झाली म्हणजे सगळे झाले का? नाही. खालच्या पायरीवर आपली माणसे आहेत. वर जाताना दार अरुंद होत जाते. पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केला, तेव्हापासून त्याचा पेच आहे. आणि ठाण्याच्या आत काय चालते? मी माझे सांगतो. 'कोट्यातला' हा शब्द मी किती वेळा ऐकला याचा हिशेब नाही. एका ठिकाणी सहा महिने मला लेखनिकाचे काम दिले नाही. सांगण्यात आले, "तुमचं अक्षर चांगलं नाही." माझे अक्षर पाहायचे असेल तर विहाराच्या फळ्यावर पाहा, दर पौर्णिमेला मीच लिहितो. याउलट एक वरिष्ठ निरीक्षक असे भेटले की त्यांनी मला समोर बसवून पंचनामा, जबाब, केस डायरी शिकवली आणि म्हणाले, "जात विसरायला सांगत नाही, पण तुमचं काम कोणाला विसरता येणार नाही असं करा." ते आपल्या समाजाचे नव्हते. म्हणून मी सगळ्यांना एका मापाने मोजत नाही.

आणि एक कडू गोष्टही बोललीच पाहिजे. आपला माणूस वर्दीत गेला म्हणजे तो आपला राहतोच असे नाही. काही जण इतरांपेक्षा जास्त कडक होतात, कारण त्यांना 'मी त्यांच्यातला नाही' हे दाखवायचे असते. मीही तरुणपणी एका फेरीवाल्याला विनाकारण दांडा मारला आहे. तो नंतर मला म्हणाला, "साहेब, तुमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे ना?" त्या वाक्याने मला जितके मारले तितके मी त्याला मारले नव्हते. तेव्हा माणसे बदलणे आणि नियम बदलणे, दोन्ही पाहिजे.

हा प्रश्न फक्त आपलाही नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली. १९९८ च्या त्यांच्या अहवालात पोलिसांच्या मनातील मुसलमानांविषयीचा आकस स्पष्ट नोंदवला आहे, ३१ पोलिसांवर ठपका ठेवला आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने पारधी आणि अशा कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला, पण चोरी झाली की पोलीस अजून पहिल्यांदा पालाकडेच वळतात. तृतीयपंथीयांना पोलीस भरतीच्या अर्जात रकानासुद्धा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला खडसावले, तेव्हा तो आला. महिलांना ३० टक्के जागा मिळाल्या, २०२४ मध्ये रश्मी शुक्ला या राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या, ही आनंदाची गोष्ट. पण बारा-बारा तासांच्या बंदोबस्तात महिला शिपायाला साधे शौचालय मिळत नाही, हे माझ्याबरोबर काम केलेल्या भगिनींना विचारा.

परभणीचे दुःख तर ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी धरपकड केली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या आईने माघार घेतली नाही. औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. घाटकोपर ते परभणी, सत्तावीस वर्षे झाली. विटंबना झाली की न्याय मागायला रस्त्यावर आलेल्यांनाच मार बसतो, हे अजून बदललेले नाही.

मग हे बदलते तरी का? बदलते. जगात बदलले आहे. लंडनमध्ये २२ एप्रिल १९९३ रोजी स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाचा बस थांब्यावर गोऱ्या टोळक्याने खून केला. पोलिसांनी तपासात हेळसांड केली. त्याचे आईवडील लढत राहिले. १९९९ मध्ये मॅकफर्सन समितीने उघड लिहिले की दोष एकदोन पोलिसांचा नाही, वर्णभेद त्या संस्थेच्या हाडीमांसी आहे. २०१२ मध्ये दोघा खुन्यांना शिक्षा झाली.

दुसरे उदाहरण उत्तर आयर्लंडचे. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा झगडा. लोकसंख्येत कॅथलिक चाळीस टक्क्यांच्या वर, पण पोलिसांत फक्त आठ टक्क्यांच्या आसपास. कॅथलिक वस्तीला पोलीस म्हणजे शत्रू, आणि कॅथलिक मुलगा पोलिसात गेला की वस्ती त्याला वाळीत टाकायची. आजींचाच प्रश्न तिथेही होता! १९९९ च्या पॅटन समितीने सांगितले की नुसती रंगरंगोटी नको. २००१ मध्ये जुने दल जाऊन नवे दल आले. नाव बदलले, बिल्ला बदलला, शपथेत मानवी हक्क आले. तक्रारींसाठी पोलिसांबाहेरचा स्वतंत्र अधिकारी आला. आणि दहा वर्षे भरती निम्मी कॅथलिकांची, निम्मी बाकीच्यांची, असा नियम केला. २०११ पर्यंत कॅथलिकांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास गेले. तिथले सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणत नाही. पण भरती आणि जबाबदारी, ही दोन चाके बरोबर फिरली तेव्हा गाडी हलली, हे नक्की.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले. त्यातूनच महाराष्ट्रात २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आले. पण आपल्यापैकी किती जण तिथे गेले? रस्त्यावर जायला आपण हजारो असतो, अर्ज लिहायला पाच माणसेही मिळत नाहीत. हे मी टोमणा म्हणून नाही, घरचा माणूस म्हणून बोलतो.

म्हणून आपल्या विहारासाठी मी पाच कामे सुचवतो.

पहिले, भरतीची तयारी. विहाराची वरची खोली संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका म्हणून उघडी ठेवा. शिपायाच्या लेखी परीक्षेला शंभर गुण असतात. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. आपली मुले मैदानात मागे नसतात, लेखीत मागे पडतात. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. आणि मुलींना पाठवा. मुलीला "तुला काय करायचंय वर्दी" म्हणणारा बाप बाबासाहेबांचे नाव घेण्याच्या लायकीचा नाही.

दुसरे, कागदपत्रे. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, अधिवास. गुणवत्ता यादीत नाव आले आणि कागदासाठी जागा गेली, अशी मुले मी रडताना पाहिली आहेत. कागद बारावीतच तयार ठेवा.

तिसरे, कायद्याचे ज्ञान. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने घेतली पाहिजे, हद्दीचे कारण चालणार नाही. प्रत विनामूल्य मिळते. ॲट्रॉसिटी कायद्यात तोंडी खबर लिहून घेऊन वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तपास मुंबईत सहायक पोलीस आयुक्तापेक्षा खालचा अधिकारी करू शकत नाही. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ मध्ये शिक्षा आहे. ठाण्यात नकार मिळाला तर हुज्जत घालू नका. तीच खबर लिहून वरिष्ठांकडे टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचे असते. हे प्रत्येक माउलीला पाठ पाहिजे.

चौथे, ओळख. राखीव दलाची तुकडी बाहेरून येते, तिला वस्ती माहीत नसते. तिला ती फक्त जमाव दिसते. पण स्थानिक ठाण्याला आपली ओळख असली पाहिजे. बुद्ध जयंतीला, १४ एप्रिलला ठाण्याच्या अधिकाऱ्यांना विहारात बोलवा. हार घालून पाठवू नका, अर्धा तास खाली बसवा, आपली वस्ती दाखवा. ठाण्यातही आपली दोन शहाणी माणसे, एक पुरुष आणि एक स्त्री, नेमाने जाऊ द्या. दलाली करायला नाही, हक्काने बोलायला.

पाचवे, आपल्या वर्दीतल्या मुला-मुलींना एकटे सोडू नका. वस्ती म्हणते 'पोलीसवाला', खाते म्हणते 'कोट्यातला'. मधल्या मध्ये ते पोर गुदमरते. महिन्यातून एकदा त्यांना विहारात एकत्र बसवा. पंचशील म्हणू द्या, मनातले बोलू द्या. त्यांच्या हातून चूक झाली तर पाठीशी घालू नका, पण कान धरायचा हक्क मायेने मिळतो, शिव्यांनी नाही.

आता आजी, तुमच्याकडे येतो.

तुम्ही विचारले, गोळ्या घालणाऱ्यांत नातवाला का धाडतोस? आजी, त्या सकाळी महामार्गावर बंदुकीमागे जर असा एक जरी माणूस असता, ज्याला समोरच्या गर्दीत आपली आजी दिसली असती, जो साहेबाला म्हणाला असता की 'थांबा साहेब, ही माणसं आहेत, यांचा बाप अपमानित झालाय म्हणून रडतायत', तर काय झाले असते मी सांगू शकत नाही. कदाचित गोळी थांबली नसती. कदाचित थांबली असती. त्या एका 'कदाचित'साठी मी तुमचा नातू मागतो आहे.

पण एक अट माझीही आहे, आणि ती नातवासाठी आहे. बाळा, भरती झालास की पहिल्या पगारात आजीला लुगडे घे. आणि ज्या दिवशी तुझ्या समोर परक्या वस्तीतला, परक्या धर्माचा, पालावरचा माणूस हात जोडून उभा राहील, त्या दिवशी त्याला बसायला खुर्ची दे. मग तो कोणीही असो. तुझी वर्दी त्या दिवशी आजीने बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी वाळत घालावी.

माझ्या आईला ते करता आले नाही. ती आता नाही. तुम्हाला ते करता यावे, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो. रमाबाई नगरच्या दहा शहिदांना अभिवादन करून माझे भाषण संपवतो. काही चुकले असेल तर घरचा म्हणून सांभाळून घ्या.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय, जय भीम!